लालबाग (बंगळूर): आई-बाबांना घेऊन जायचंय. कुठल्या दरवाज्याने, किती वाजता?

प्रश्न – नीलमोहोर

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. बाबा ७२, आई ६८. आईच्या गुडघ्यांमुळे सलग पाऊण-एक किलोमीटरपेक्षा जास्त चालणं जमत नाही, पण मध्ये बसायला मिळालं तर तीन तास आरामात काढेल. बरोबर सहा वर्षांचा मुलगा. राहायला इलेक्ट्रॉनिक सिटीला.

लालबाग नीट दाखवायची आहे, नुसतं काचघरापुढे फोटो काढून परत यायचं नाही. म्हणून नेमके प्रश्न:

१. चार दरवाजे आहेत म्हणे. आईच्या दृष्टीने कुठला बरा?
२. फ्लॉवर शो त्याच सुमारास असतो. तो गाठावा की टाळावा?
३. झाडांचा बाबांना फार नाद. कुठली झाडं चुकवू नयेत?
४. आईला दोन-चार रोपं सांगलीला न्यायची आहेत. जगतात का?

आणखी एक. बाबांनी कुठेतरी वाचलंय की ही मूळची शहाजीराजांची बाग. हे खरं का?

---

चालतेबोलते

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. लालबाग ही फुलांची बाग नाही, झाडांची आहे. ताटवे, गालिचे बघायचे म्हणून लोक दुपारी अकराला येतात, उन्हात काचघरापर्यंत चालतात आणि ‘एवढंच?’ म्हणून परत जातात. २४० एकरांत जगभरातून आणून लावलेली दीड-दोनशे वर्षांची झाडं आहेत. ती सकाळच्या तिरक्या उन्हात बघायची असतात. त्यामुळे वेळ आधी ठरवा, दरवाजा मग.

बाग सकाळी ६ ते संध्याकाळी ७ उघडी असते. जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या आसपास, म्हणजे सहाला गेलात तर अंधारच. सात ते साडेसातला आत शिरा आणि दहापर्यंत बाहेर पडा. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी नऊपर्यंत तिकीट नसतं, नंतर लागतं. दर बदलत राहतात, पण खिशाला जड नाहीत. सकाळी पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, तेव्हा आई-बाबांना स्वेटर आणि कानटोपी हवीच. नऊनंतर तेच ओझं वाटायला लागतं, म्हणून एक रिकामी कापडी पिशवी जवळ ठेवा.

आता दरवाजे. इलेक्ट्रॉनिक सिटीहून पिवळ्या मेट्रोने आर. व्ही. रोडला या, तिथे हिरवी मार्गिका पकडा. जयनगर, साऊथ एंड सर्कल आणि तिसरं स्टेशन लालबाग. स्टेशन उंचावर आहे पण लिफ्ट आहे, आईंना जिने चढावे लागणार नाहीत. बाहेर पडलं की पश्चिमेचा दरवाजा जवळच. (मॅजेस्टिककडून येणाऱ्यांसाठी: चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज आणि चौथं लालबाग.)

उत्तरेचा दरवाजा हा मुख्य. डबल रोडच्या बाजूला आहे. तिथून मोठा रस्ता आत जातो, घोड्यावर बसलेल्या चामराजेंद्र वडियारांचा पुतळा, फुलांचं घड्याळ, मोठा खडक आणि काचघर हे सगळं त्याच बाजूला आहे. दक्षिणेचा अशोक स्तंभाजवळचा दरवाजा लहान आहे, तो जयनगरवाल्यांच्या सोयीचा. सिद्धापुराच्या बाजूचा दरवाजा नर्सऱ्यांसाठी लक्षात ठेवा.

आईंसाठी माझं मत स्पष्ट आहे: मेट्रोने या, पण पश्चिमेच्या दरवाज्याने आत न शिरता स्टेशनबाहेर रिक्षा करून थेट मुख्य दरवाज्याला जा. पश्चिमेकडून काचघरापर्यंत सावकाश चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात आईंच्या गुडघ्यांची निम्मी ताकद संपलेली असेल. मुख्य दरवाज्याकडून बघण्यासारख्या गोष्टी जवळजवळ आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही तिथूनच मिळतात. त्यांत एक घोळ होतो, तो आधीच सांगतो. बरेच जण आधी पायी फिरतात आणि दमल्यावर गाडी शोधतात. तेव्हा ती बागेच्या मधल्या भागात मिळत नाही, मिळाली तर भरलेली असते. म्हणून उलटं करा. आत गेल्या गेल्या गाडीतून एक फेरी मारा, कुठे काय आहे ते डोळ्यांखालून घाला, आणि मग आवडलेल्या दोन-तीन ठिकाणांजवळच पायी हिंडा.

पायी हिंडायचा क्रम: पुतळ्यापासून घड्याळ, तिथून काचघर, काचघराभोवती एक प्रदक्षिणा, मग बाकांवर चांगली अर्धा तास बैठक. आई बसल्या असताना बाबा आणि नातू खडकावर जाऊन येतील. तळ्याकडे जायचं असेल तर ते शेवटी, आणि मग पश्चिमेच्या दरवाज्याने बाहेर पडून मेट्रो. म्हणजे आलेला रस्ता पुन्हा तुडवायला नको.

खाण्याचं बाहेरच उरका. दरवाज्यावर पिशव्या बघतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, म्हणून पाण्याला स्टीलची बाटली. लालबाग रोडवर मुख्य दरवाज्यापासून जवळच एम.टी.आर. आहे, १९२४ पासूनचं. रवा इडली तिथलीच म्हणून ओळखली जाते. सोमवारी बंद असतं, आणि शनिवार-रविवारी नाश्त्याला इतकी रांग असते की आईंना उभं राहणं जमणार नाही. मंगळवार ते शुक्रवार यातला दिवस धरा, बागेसाठीही तोच बरा.

---

सावरफळ

तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. बाबांना नाद आहे म्हणताय तर त्यांना चार झाडं नीट दाखवा, चाळीस दाखवू नका.

पहिली पांढरी सावर. आपल्याकडच्या काटेसावरीची लांबची बहीण, पण वाढते राक्षसासारखी. तळ्याच्या बाजूला जे प्रचंड झाड आहे त्याचं वय दोनशेच्या पुढे सांगतात. त्याची मुळं बघा. बुंध्यातून फळ्या उभ्या केल्यासारखी निघतात, माणूस दोन फळ्यांच्या मधोमध उभा राहिला तर बाजूने दिसत नाही. या झाडाची मुळं खोल जात नाहीत, उथळ पसरतात, म्हणून एवढा डोलारा तोलायला बुंध्यालाच असे आधार फुटतात. मुलाला त्यांवर चढू देऊ नका. सालीला जखम झाली की तिथून बुरशी आत जाते, आणि एवढ्या जुन्या झाडाची जखम लवकर भरत नाही. जानेवारीत पानं बरीच झडलेली असतील, ते चांगलंच, फांद्यांची आडवी ठेवण स्पष्ट दिसते. मार्च-एप्रिलमध्ये बोंडं फुटून कापूस उडतो.

दुसरा कुक पाईन, इथे सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो. काचघराच्या आसपास उंच, सरळसोट, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा. सरळ म्हटलं खरं, पण तो सरळ नसतो, आणि गंमत त्यातच आहे. हे झाड जगात कुठेही लावलं तरी विषुववृत्ताच्या दिशेने कलतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. बाबांना झाडापासून पन्नास पावलं लांब, पूर्वेला किंवा पश्चिमेला उभं करा आणि फोनमधलं होकायंत्र हातात द्या. कल दक्षिणेकडे आहे का ते त्यांनाच ठरवू द्या. उत्तरेला किंवा दक्षिणेला उभं राहिलं तर कल समजणार नाही, झाड ताठ वाटेल.

तिसरा कैलासपती. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट बुंध्यातून फुटलेल्या दोरखंडांसारख्या देठांवर येतात. वास घ्यायला जवळ गेलं तरी चालेल, फक्त वर मोठी फळं लोंबत असतील तर त्यांच्या बरोब्बर खाली थांबू नका. तोफगोळ्याएवढं फळ असतं आणि पडायच्या आधी कुणाला सांगत नाही. फुटलेल्या फळाचा वास भयंकर, मुलाला हात लावू देऊ नका.

चौथं झाड मी ठरवत नाही. जानेवारीच्या शेवटी जे फुललेलं असेल ते. गुलाबी टॅबेबुया बहुधा मिळेल, काटेसावर मिळेल, पिचकारी मिळेल. बंगळुरात एक झालं की एक असे मोहोर येत राहतात, त्याचं बरंच श्रेय क्रुंबिगल या जर्मन माणसाला जातं. वर्षभर शहरात कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, असा हिशेब करून त्यांनी रस्त्यांसाठी झाडं निवडली. जानेवारीत टॅबेबुया, मग जॅकरांडा, मग गुलमोहर. हे क्रुंबिगल १८९३ मध्ये लंडनच्या क्यू बागेतून बडोद्याला सयाजीरावांकडे आले आणि १९०८ मध्ये लालबागेत. म्हणजे बडोद्याच्या बागांचा आणि या बागेचा माळी एकच. बाबांना हे आवडेल.

बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, शास्त्रीय नावासकट. फोनवर झाड ओळखणारी अॅप्स परदेशी झाडांच्या बाबतीत वरचेवर चुकतात, पाटीवर विश्वास ठेवा.

आणि वर बघायची सवय ठेवा, दुसऱ्या कारणासाठी. उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली आग्यामोहोळं लागलेली असतात, एकेका झाडावर अनेक. खालून काळ्या सुपासारखी दिसतात. शांत असली तर काही करत नाहीत. पण अशा झाडाखाली डबा उघडून बसणं, उग्र अत्तर, धूर आणि मुलांनी दगड मारणं, या चार गोष्टी नकोत. उठल्याच माशा, तर हात झटकू नका. तोंड-डोकं ओढणीने किंवा उपरण्याने झाका आणि भराभर लांब व्हा. आईंना भराभर चालता येत नाही, म्हणून बाक निवडतानाच वर बघून निवडा.

---

पाषाणभेद

खडकाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या लेखी लालबागेतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. बाग अडीचशे वर्षांची, खडक ३०० कोटी वर्षांचा.

मुख्य दरवाज्याजवळ जो करडा उघडा उंचवटा दिसतो, ज्याच्या माथ्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचा छोटा बुरूज आहे, तो पेनिन्सुलर नाईस या प्रकारचा दगड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक ठरवलं आहे, तशी पाटी आहे. लोक पाटी न वाचता बुरुजाशी फोटो काढून उतरतात.

सांगलीच्या माणसाला हा दगड मुद्दाम दाखवावा, कारण आपल्या डोळ्यांना सवय आहे ती काळ्या पाषाणाची. दंडोबाचा डोंगर घ्या की सह्याद्री घ्या, तो बेसाल्ट. लाव्हा बाहेर येऊन थिजला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. लालबागेचा खडक त्याच्या पंचेचाळीस पट जुना. बेसाल्ट भरभर थंड झाला म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, दगड एकसारखा काळा. इथे उलट. गुडघ्यावर बसा आणि वीतभर जागा निरखा. पांढुरके आणि गडद पट्टे एकाआड एक, कुठे सरळ तर कुठे कणीक मळताना पडाव्यात तशा वळ्या पडलेले. पांढुरकं ते क्वार्ट्ज आणि फेल्डस्पार, गडद ते मुख्यतः काळं अभ्रक. जमिनीच्या पोटात खोलवर प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली दगड मऊ होऊन दाबला गेला, खनिजं थराथरांत लागली, त्याच्या या खुणा. सकाळचं तिरकं ऊन पडलं की अभ्रकाचे कण चमकतात. दुपारी बाराला काही दिसत नाही, सगळं पांढरं फक्क.

चढाबद्दल. चढ फार नाही, पण कठडा नाही आणि दगड हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. चढताना कुणाला अडचण येत नाही, घसरतात ते उतरताना. रबरी तळाचे बूट घाला. कोल्हापुरी चप्पल घालून खडकावर जाऊ नका, कातड्याचा तळ या दगडावर धरत नाही, त्यावर दवाचा ओलावा असेल तर अजिबातच नाही. उतरताना नाकासमोर सरळ न येता आडवं, नागमोडी उतरायचं, पाऊल पूर्ण टेकवून. आईंनी वर जायचा मोह टाळावा. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त दुखवतो. खडकाच्या पायथ्याशीही तेच पट्टे तितकेच छान दिसतात, काही बुडत नाही.

माथ्यावरचा बुरूज केंपेगौडा घराण्याचा. शहराच्या सीमेच्या खुणा म्हणून असे चार बुरूज आहेत: हा एक, बाकीचे हलसूर तलावाजवळ, केंपांबुधी तलावाजवळ आणि मेखरी सर्कलजवळ. आज त्या चारही खुणांच्या कितीतरी बाहेर शहर गेलंय. वर उभं राहून बाबांना चारही दिशा दाखवा.

---

नीलमोहोर

सगळ्यांचे मनापासून आभार, होकायंत्राचं तर आजच वडिलांना फोनवर सांगितलं. फ्लॉवर शोबद्दल आणि रोपांबद्दल कुणी सांगेल का? आणि शहाजीराजांचं?

---

बखरवाचक

शहाजीराजांचं मी सांगतो.

बाबांच्या वाचनात दोन खऱ्या गोष्टींची गल्लत झाली असावी. आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली १६३८ मध्ये केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं, त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे बंगळूर त्यांना जहागीर मिळालं. ते इथे राहिले, पुढे शहर व्यंकोजीराजांकडे आलं. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकलं. हा सगळा काळ लालबागेच्या आधीचा. बाग हैदर अलीने १७६० मध्ये मांडायला घेतली, सुरुवातीला सुमारे ४० एकर, आणि टिपूने ती वाढवली, परदेशांतून रोपं आणि बिया मागवल्या. तेव्हा शहाजीराजांची बाग हे खरं नाही. पण खडक आणि त्यावरचा बुरूज शहाजीराजांच्या काळी होताच. बाबांना तिथे उभं राहून त्या काळची आठवण काढायची असेल तर जागा योग्य आहे.

पुढचं थोडक्यात. टिपू १७९९ मध्ये पडल्यावर बाग इंग्रजांकडे गेली, १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. जॉन कॅमेरॉन १८७४ पासून इथले प्रमुख होते, त्यांनी परदेशी भाज्याही रुजवल्या. बंगळूरच्या बाजारात फिकट हिरवं, पेरूसारखं दिसणारं चौचौ मिळतं, कन्नडमध्ये सीमे बदनेकाई म्हणजे परदेशी वांगं, ते त्यांनीच आणलं. आई बाजारात गेल्या तर दुधीसारखी भाजी करून बघा म्हणावं.

काचघराची पायाभरणी ३० नोव्हेंबर १८८९ ची, व्हिक्टोरिया राणीचा नातू अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते. बिडाचे खांब आणि कमानी ग्लासगोच्या सॅरसेन फाउंड्रीतून आल्या. नमुना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. काचा सगळे बघतात. खांबाजवळ जाऊन बिडावरची ओतीव नक्षी बघा, कमानीच्या कोनात लोखंड अक्षरशः वेलीसारखं वळवलेलं आहे.

अजून एक, कारण शोधताना घोळ होतो. श्रीरंगपट्टणलाही एक लालबाग आहे, हैदर-टिपूची कबर असलेला गुंबज तिथे आहे. १७९२ च्या वेढ्यात इंग्रजांनी झाडं तोडली ती त्या लालबागेतली. इंदूरचा होळकरांचा लालबाग राजवाडा आणि आपल्या मुंबईचं लालबाग हे आणखी निराळं.

---

फुलवरा_वहिनी

फ्लॉवर शो: तुमच्या आईंना घेऊन जाणार असाल तर माझं ठाम उत्तर ‘टाळा’ असं आहे.

वर्षातून दोनदा असतो, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला धरून प्रत्येकी दहा-बारा दिवस. काचघराच्या मधोमध दरवेळी एक मोठी फुलांची प्रतिकृती उभी करतात, भोवती कुंड्यांची मांडणी. काम सुंदर असतं, कष्टाचं असतं. पण त्या दिवसांत बाग म्हणजे एकाच दिशेने सरकणारी रांग असते. मागून लोट येत असतो, प्रतिकृतीपुढे थांबू देत नाहीत आणि बसायला जागा नसते. शनिवार-रविवारी आणि २६ तारखेला तर लालबाग स्टेशनच्या जिन्यांपर्यंत गर्दी पोचते. तिकिटाचा दर वेगळा आणि सुट्टीच्या दिवशी जास्त असतो. वर ज्या सावरीबद्दल, खडकाबद्दल लिहिलंय त्यातलं काहीही त्या गर्दीत निवांत बघता येत नाही.

तरीही बघायचाच असेल तर असं करा. सुरू झाल्यापासून दुसरा किंवा तिसरा दिवस, कामाचा वार, उघडल्या उघडल्या. पहिल्या दिवशी उद्घाटनाची गडबड असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तोडलेली फुलं, विशेषतः गुलाब, कडेने तपकिरी व्हायला लागतात. मध्ये फुलं बदलतात, पण सगळी एकदम नाही. शेवटच्या दोन दिवसांत वास सुकल्या फुलांचा आणि गर्दी सगळ्यात जास्त, असं दोन्ही बाजूंनी नुकसान. कुंड्यांमधली रोपं मात्र शेवटपर्यंत ताजी असतात. बाबांनी ती बघावीत, निगा कशी राखली आहे ते तिथेच कळतं.

तारखा ठरवताना आणखी एक ध्यानात घ्या. शोच्या आधी काही दिवस काचघरात मांडणी चालू असते आणि नंतर काही दिवस आवराआवर. काचघराचा रिकामा सांगाडा बघायचा असेल तर हे दिवस सोडून जा. एरवी ते बहुतेक वेळा बाहेरूनच बघायचं असतं, पण बाहेरून सगळा सांगाडा छान दिसतो. तुमच्या जागी मी असते तर आई-बाबांना आठवडाभर उशिरा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं असतं. थंडी बेताची, गर्दी नाही, टॅबेबुयाही असतो.

---

खुरपं

रोपांचं. जगतात, पण जितकी नेतात त्यातली निम्मी पहिल्या उन्हाळ्यात मरतात, आणि कारणं जवळजवळ नेहमी तीच दोन असतात: हवा आणि माती.

हवा आधी. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या आसपास थांबतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो आणि हवा कोरडी. त्यामुळे बेगोनिया, हायड्रेंजिया, फुशिया, ऑर्किड हे बघून जीव कितीही टाकावासा वाटला तरी घेऊ नका. घ्यायचेच तर कंद घ्या. अमॅरिलिस, रेन लिली यांचे कंद जानेवारीत झोपलेले असतात, कागदात गुंडाळून पिशवीत टाकले तरी काही होत नाही. बियाही चांगल्या. लालबागेच्या आवारात नर्सरीवाल्यांच्या सहकारी संस्थेचं विक्री केंद्र आहे. जास्त निवड हवी तर सिद्धापुराच्या बाजूला नर्सऱ्यांची ओळच आहे, तिथे भाव करता येतो.

रोप घेताना वरची पानं बघू नका, पिशवीचं बूड बघा. भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन वळसे घेत असतील तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलेलं आहे, नको. कलम असेल तर सांधा मातीच्या वर चार बोटं तरी हवा, आणि सांध्याखालून फुटवा आलेला नको. तो फुटवा रानटी खुंटाचा असतो, कलमाला खाऊन टाकतो. उंच रोपाचा मोह नको, हातभर उंचीचं, जाड खोडाचं घ्या.

प्रवास राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा असेल असं धरतो. पाणी आदल्या संध्याकाळी द्या, निघायच्या दिवशी नाही. ओली पिशवी फुटते आणि मातीचा गोळा विस्कटला की बारीक मुळं तुटतात. प्रत्येक पिशवीभोवती वर्तमानपत्राचे दोन थर, वर सुतळी. मग फळांच्या खोक्यात उभी, एकमेकांना चिकटून, फटींत कागदाचे बोळे. खोकं खालच्या बर्थखाली. वर झाकण लावू नका.

आता माती, इथे खरी गोम आहे. पिशवीतली माती लाल, पाणी झटकन सोडणारी. सांगलीची काळी, पाणी धरून ठेवणारी, ओली झाली की फुगणारी. लाल मातीचा गोळा जसाच्या तसा काळ्या मातीच्या खड्ड्यात बसवला की भोवतीचं पाणी त्या गोळ्यात येऊन साचतं, कारण काळी माती ते पुढे जाऊ देत नाही. वरून रोप पाण्याला आल्यासारखं मलूल दिसतं, माणूस आणखी पाणी घालतो, आणि पंधरा दिवसांत मुळं कुजतात. उपाय असा. घरी पोचल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच, सावलीत. तोवर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून उन्हात तापू द्या. तळाला चार बोटं विटांचे तुकडे. भरायला एक भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग मुरलेलं शेणखत. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा आणि गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा, म्हणजे मुळं लाल मातीतच फिरत न बसता बाहेर येतील. लावल्यावर बुंध्याशी माती थोडी उंच ठेवा, आळं एक वीत लांबून करा. पाणी बोट खुपसून बघून द्या, दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा बांधा. दुपारी दोन ते पाचचं ऊन तेवढं अडलं की बाकीचं रोप सोसतं. आणि फेब्रुवारीत आलात तर कंदांव्यतिरिक्त काहीच नेऊ नका, रोप रुजायच्या आत ऊन डोक्यावर आलेलं असेल. रोपांसाठी जून-जुलैची फेरी चांगली.